नानांना कॅमेऱ्यासमोर बसवा

वाचकाचं पत्र: "दिंडोरी तालुक्यात आमची सात एकर द्राक्षबाग आहे. गावातल्या नऊ शेतकऱ्यांनी मिळून गट केलाय आणि या हंगामापासून नेदरलँड्सच्या एका खरेदीदाराला थेट माल द्यायचं चाललंय. मला इंग्रजी येतं म्हणून व्हिडिओ कॉल माझ्याकडे आले. पण कॉल नीट होत नाहीत. आवाज तुटतो, माझा चेहरा काळा दिसतो, मागं पॅकहाऊसचा गोंगाट असतो. बोलताना सारखं स्वतःकडेच लक्ष जातं, पदर नीट आहे का, केस नीट आहेत का. मागच्या कॉलला सासरे, म्हणजे नाना, मध्येच येऊन मराठीत बोलायला लागले. मला लाज वाटली, मी त्यांना हातानं गप्प बसवलं. सहाव्या मिनिटाला समोरचा म्हणाला, बाकीचं ई-मेलनं पाठवा. आता मिस्टर म्हणतात, नाशिकला छोटं ऑफिस भाड्यानं घेऊ, चांगला कॅमेरा घेऊ आणि कॉलसाठी फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा ठेवू. येत्या मंगळवारी परत कॉल आहे. काय करू?"

प्रिय ताई,

ऑफिस भाड्यानं घेऊ नका. मुलगाही ठेवू नका. मंगळवारपर्यंत जे करायचंय त्याला दोन-अडीच हजारांच्या वर खर्च नाही, आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं काम तर फुकट होणार आहे.

मी नाशिकला एका निर्यातदाराकडे कागदपत्रांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. 2010 साली क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा मी त्याच टेबलावर होते. तेव्हा सगळं बोलणं फोनवर आणि ई-मेलवर. समोरचा माणूस कोण, कसा, काहीच दिसायचं नाही. रात्री अकरा वाजता फोन वाजला की पोटात गोळा यायचा. आज तुमच्या हातातल्या फोनवरून तुम्ही रॉटरडॅमच्या माणसाला घड दाखवू शकता, त्याच्या डोळ्यात बघून बोलू शकता. शेतकऱ्याच्या हातात ही केवढी मोठी गोष्ट आली आहे, हे मला तुमच्यापेक्षा जास्त जाणवतं, कारण ती नसतानाचे दिवस मी काढलेत. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी त्या सहा मिनिटांचं. तो माणूस तुमच्या इंग्रजीला कंटाळला असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही. तो कंटाळला तो कान देऊन देऊन. तुटक्या आवाजातून वाक्य जुळवायला डोक्याला फार कष्ट पडतात, आणि पाच मिनिटं तसं ऐकलं की कुणीही म्हणतो, लिहून पाठवा. चित्र अंधुक असलं, थांबलं, चौकोन-चौकोन झालं तरी माणूस चालवून घेतो. आवाज गेला की कॉल गेला. त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी आवाजाचं बघू.

पॅकहाऊसमधून बोलणं पूर्ण बंद करा. वर पत्रा, खाली कोबा, शेजारी कंप्रेसर, क्रेट आपटण्याचा आवाज, पॅकिंगच्या बायकांचं बोलणं. तिथून जगातला कुठलाही माइक लावला तरी निभाव लागणार नाही. घरात जिथं गाद्या-गोधड्यांचा ढीग असतो ती खोली शोधा. कोऱ्या भिंती आणि फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-गोधड्या तो पिऊन टाकतात. खिडकी असली तर उत्तमच. पंखा त्या अर्ध्या तासापुरता बंद.

कानात वायरचे साधे इयरफोन घाला. ब्लूटूथचे महाग असतात म्हणून चांगले असतील असं वाटतं, पण त्यांचा माइक चालू झाला की बहुतेकांचा आवाज खालच्या दर्जावर जातो आणि डबक्यातून आल्यासारखा येतो. वायरच्या इयरफोनचा माइक तोंडाजवळ असतो, चार-पाचशेत मिळतो आणि ऐन वेळी त्याची बॅटरी संपत नाही. फक्त वायरवरचा तो छोटा माइक पदरावर किंवा मंगळसूत्रावर घासू देऊ नका. समोर खरखर जाते आणि आपल्याला पत्ताच नसतो. कॉलरच्या उंचीला चिमट्यानं अडकवा.

आता एक सवय सोडावी लागेल, आणि ती आपल्या सगळ्यांची आहे. समोरचा बोलत असताना आपण "हं, हं", "यस, यस" करत राहतो. आपल्याकडे तो मान देण्याचा भाग आहे. गप्प ऐकलं तर माणसाला वाटतं, लक्ष नाही. इंटरनेटवर हेच उलटं होतं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. आवाज नेदरलँड्सला पोचायलाच तेवढा वेळ लागू शकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका बाजूनं 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक बोलण्याला बाधत नाही. त्यापुढे अडखळायला होतं. म्हणजे तुमचं "यस" तिथं त्याच्या पुढच्या वाक्याच्या मधोमध जाऊन पडतं. फोन स्पीकरवर असेल तर घुमारा थांबवणारी यंत्रणा दोन्हीकडचा आवाज एकदम आला की एकाला दाबते, आणि त्याचा अर्धा शब्द तुमच्याकडे येतच नाही. तेव्हा ऐकताना फक्त मान हलवा, ठळकपणे. त्याचं संपलं की मनात "एक" म्हणा आणि मग बोला. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल, दोन कॉलमध्ये जमून जाईल.

इंटरनेटच्या बाबतीत स्पीड बघताना सगळे डाउनलोड बघतात. तुमचा आवाज आणि चित्र जातं ते अपलोडवरून, म्हणून तो आकडा बघा. नुसत्या आवाजाला सेकंदाला 100 किलोबिटसुद्धा लागत नाहीत. बऱ्यापैकी चित्राला 600 आणि एचडी चित्राला 1,200 च्या आसपास. या हिशोबानं लाइन अशक्त झाली की काय सोडायचं ते तुमच्या लक्षात आलं असेल: चित्र बंद करा, आवाज ठेवा. मात्र न सांगता कॅमेरा बंद करू नका. "लाइन कमजोर आहे, आवाज नीट यावा म्हणून व्हिडिओ बंद करते" एवढं एक वाक्य आधी बोला, नाहीतर समोरच्याला वाटतं तुम्ही उठून गेलात. एचडीवर जाऊन-येऊन तासाला साधारण 1 जीबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर कॉल असेल त्या दिवशी सकाळी मुलांना व्हिडिओ बघू देऊ नका.

घरी फायबर आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर राउटरच्या खोलीतच बसा. मध्ये दोन भिंती आल्या की वाय-फाय निम्मं होतं. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, दोन हजारांच्या आत. घेताना तुमच्या राउटरच्या खाली किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या. बहुतेक 12 असतात, पण बघाच. आणि मिस्टरांच्या फोनमधलं सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर त्यांचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवा. ऐन कॉलमध्ये पासवर्ड शोधत बसणं फार वाईट दिसतं.

हे झालं आवाजाचं. चेहऱ्याचं काम त्यामानानं सोपं आहे, दोन मिनिटांत उरकते. तुमचा चेहरा काळा दिसतो कारण उजेड पाठीमागं आहे. खिडकीकडे तोंड करून बसा, रिंग लाइटचे पैसे वाचले. फोन हातात धरू नका. टेबलावर दोन क्रेट उपडे ठेवा, त्यावर फोन आडवा टेकवा, कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत यायला हवा. खालून धरलेल्या फोनमध्ये नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. आणि स्वतःकडे लक्ष जातं असं तुम्ही लिहिलंय, त्यात तुमचं काही चुकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात सतत स्वतःला बघत राहणं हे एक मोठं कारण होतं. दिवसभर कुणी समोर आरसा धरून उभं राहिलं तर आपण काम करू का? कॉल सुरू झाला, पदर-केस एकदा बघून घेतले, की आपला चौकोन लपवायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती वापरा. कॉलआधी ॲपमधलं तुमचं नावही तपासा. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या वर्गासाठी टाकलेलं नाव अजून तसंच राहिलेलं मी कित्येक घरांत बघितलंय. खरेदीदारासमोर तुमच्या मुलाचं नाव आणि इयत्ता नको.

आता खरा विषय. माल दाखवायचा.

तुमचा खरेदीदार जो माल घेणार आहे तो त्याच्या हातात यायला समुद्रानं तीन-चार आठवडे लागतात, आणि तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली तर त्याहून जास्त. तोवर त्याच्याकडे आहे ती फक्त तुमच्या फोनमधली द्राक्षं. म्हणून हा भाग मन लावून वाचा.

पहिली गोष्ट, कॉल चालू असताना बागेतून फिरू नका. सगळे हौसेनं तसं करतात. तुमच्या दुपारच्या दीडला तिथं सकाळचे नऊ वाजतात, कॉल बहुतेक त्याच सुमाराला होत असणार. भर दुपारी मांडवाखाली कवडसे पडतात, एक घड पांढरा फटक आणि शेजारचा काळा दिसतो, पानांची हिरवी झाक सगळ्यावर चढते, आणि माइकवर वाऱ्याचा फडफडाट. त्यापेक्षा सकाळी आठच्या सुमाराला सावकाश दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि पाच-सहा चांगले फोटो काढा, फोनच्या मागच्या कॅमेऱ्यानं, कारण तो पुढच्यापेक्षा चांगला असतो. हे सगळं कॉलच्या तासभर आधी ई-मेलनं पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबले जाऊन बारकावे जातात. मग कॉलमध्ये तो ते फोटो समोर ठेवून प्रश्न विचारतो आणि तुम्ही उत्तरं देता. निम्मं काम तिथंच होतं.

तरीही तो "आत्ता दाखवा" म्हणेल, आणि त्यानं म्हणायलाच हवं. त्यासाठी खिडकीजवळ टेबलावर तयारी ठेवा: एक भरलेली पेटी, दोन सुटे घड, मण्याचा आकार मोजायचं गेज, रसातली साखर मोजणारं ब्रिक्स मीटर. घडाच्या मागं पांढरा थर्माकोल किंवा पांढरा कागद ठेवू नका. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले. एकदा स्वच्छ दिसावं म्हणून पांढऱ्या कापडावर घड मांडले, आणि फोननं त्या पांढऱ्याचा उजेड कमी करायला जाऊन घडच काळपट करून टाकले. समोरचा विचारत राहिला, हा माल जुना आहे का? साधा खाकी पुठ्ठा मागं ठेवा, रंग खरा येतो. पॅकहाऊसमधल्या ट्यूबच्या उजेडात मणी हिरवट दिसतात, म्हणून खिडकीचाच उजेड.

आणि घड कॅमेऱ्यासमोर धरला की हात थांबवा. पूर्ण थांबवा, मनात तीन आकडे मोजेपर्यंत. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र दाबून पाठवलं जातं. जे हलतं ते पुसट होतं, जे स्थिर राहतं ते हळूहळू स्पष्ट होत जातं. आपण काय करतो, घड गोल गोल फिरवत दाखवतो, आणि त्याला हिरव्या ढगाशिवाय काही दिसत नाही. देठ दाखवायचा तर देठ दाखवा आणि थांबा. मग मणी, आणि थांबा. गेजमध्ये मणी घालून आकडा कॅमेऱ्याकडे, आणि थांबा. ब्रिक्स मीटर असेल तर त्याच्यासमोर मणी पिळा आणि आकडा येऊ द्या. हे त्याच्या डोळ्यांदेखत होतंय, याला फार किंमत आहे.

प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आधी गार करायच्या, खोलीतून आणि कोल्ड स्टोअरच्या आतून कॉल लावू नका. त्या भिंतींना दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, रेंज आत येत नाही. आत जाऊन थर्मामीटरचा व्हिडिओ काढा, बाहेर या, मग पाठवा. थंडीतून बाहेर आलं की फोनच्या काचेवर दव धरतं, ते पुसा आणि दोन मिनिटं थांबा. नाहीतर पुढचा सगळा कॉल धुक्यातला दिसतो.

खराब मणी असतील तर तेही दाखवा. डाग असलेला एखादा घड मुद्दाम बाजूला काढून सांगा, असे पेटीमागे किती निघतात आणि आम्ही ते कुठं काढतो. सगळं देखणंच दाखवणाऱ्यावर खरेदीदाराचा विश्वास बसायला वेळ लागतो. त्यानं आयुष्यात हजारो पेट्या उघडलेल्या असतात.

आणि आता नाना.

तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी तीनदा वाचलं: "मी त्यांना हातानं गप्प बसवलं." तुम्हाला लाज वाटली हे मला समजतं. टोपी, सदरा, मराठी, आणि समोर युरोपातला माणूस. पण ताई, त्या क्षणी समोरच्यानं काय बघितलं असेल? ज्याला बागेतलं सगळं कळतं असा एक म्हातारा माणूस काहीतरी महत्त्वाचं सांगायला आला, आणि त्याला थांबवलं गेलं. खरेदीदाराला नेमकं तेच ऐकायचं होतं. ऑक्टोबरची छाटणी कुठल्या तारखेला झाली, मण्यांच्या फुगवणीच्या वेळी पाणी कसं दिलं, शेवटची फवारणी कधीची, डाऊनी रोग आला होता का, यंदा थंडी किती लांबली आणि साखर उतरायला किती दिवस जास्त लागले, हे नानांइतकं नेमकं कोण सांगणार? भाड्यानं ठेवलेला तो मुलगा? त्याला पहिल्या प्रश्नालाच "विचारून सांगतो" म्हणावं लागेल.

म्हणून नानांना त्या खोलीत खुर्ची द्या, तुमच्या शेजारी, चौकटीच्या आत. टोपी-सदरा आहे तसाच असू द्या. कॉल सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात ओळख करून द्या: हे माझे सासरे, ही बाग त्यांनी लावली, लागवडीपासूनचं सगळं तेच बघतात, ते मराठीत बोलतील आणि मी सांगेन. एवढं बोललात की मध्येच कुणी घुसलंय असं वाटत नाही.

नानांनाही आदल्या रात्री बसवून नीट सांगा. एका वेळी दोन-तीन वाक्यं, मग थांबायचं, मी त्याला सांगते, मग पुढचं. आणि भाषांतर करताना गाळू नका. नाना पाच वाक्यं बोलले आणि तुम्ही इंग्रजीत एकच सांगितलंत, तर समोरच्याला शंका येते की बाकीचं का लपवलं. पाचही सांगा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. शब्द अडला तर "वन मोमेंट प्लीज" म्हणा आणि नानांना परत विचारा. तो थांबतो. दुभाष्यासाठी कुणीही थांबतं.

एक तांत्रिक अडचण आहे: इयरफोन एक आणि माणसं दोन. नानांची वेळ आली की इयरफोन काढा, फोनचा स्पीकर चालू करा आणि दोघंही फोनपासून हातभर अंतरावर बसा. गोधड्यांच्या खोलीत हे चालून जातं. नानांसाठी त्याच खोलीत दुसऱ्या फोनवरून तोच कॉल जोडू नका. एका फोनचा आवाज दुसऱ्यात शिरून अशी शिट्टी सुटते की समोरचा कानातलं उपटून फेकतो.

वेळेचं आणि आकड्यांचं थोडं सांगते, कारण इथं पैसे बुडतात.

कॉलची वेळ लिहिताना दोन्हीकडची लिहा: भारतात दुपारी 1:30, नेदरलँड्समध्ये सकाळी 9:00. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढं जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेतीन तासांचा होतो. आपल्या द्राक्षाच्या हंगामातच हे येतं. दरवर्षी त्या आठवड्यात कुणी ना कुणी तासभर उशिरा कॉलवर येतं आणि माफी मागत बसतं. तुम्ही आत्ताच कॅलेंडरवर खूण करा. लिंक मिळाली की ॲप आदल्या दिवशी उघडून बघा, कारण ऐन वेळी ते हमखास अपडेट मागतं. पाच मिनिटं आधी जाऊन बसा.

इंग्रजी आकडे खराब लाइनवर फसवतात. "सिक्स्टीन" आणि "सिक्स्टी", "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" सारखेच ऐकू येतात. मण्याचा आकार 16 मिलिमीटर म्हणताय की किंमत 60 सेंट, गोंधळ झाला तर महाग पडतो. प्रत्येक आकडा बोलल्याबरोबर चॅटमध्ये टाइप करा, एककासकट. त्यानं आकडा सांगितला तर तो परत म्हणून दाखवा आणि टाइप करा. समजलं नाही तर "परत सांगा" म्हणायला लाजू नका. न समजता "ओके" म्हणणं हे या धंद्यातलं सगळ्यात महाग ओके आहे. कॉल संपल्यावर चॅट परत सापडेलच असं नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या आत एक छोटं ई-मेल पाठवा: काय ठरलं, कुठला आकडा, कोण काय कधीपर्यंत करणार. दहा ओळींच्या वर नको. आणि न विचारता कॉल रेकॉर्ड करू नका. युरोपात 2018 पासून माहितीच्या गोपनीयतेचा कडक कायदा आहे, माणसं या बाबतीत जपून असतात. विचारलंत तर बहुतेक हो म्हणतात.

अजून एक कॉल तुमच्या वाट्याला येईल, कदाचित या हंगामात नाही, पण येईल. कंटेनर तिकडे उघडला की फोन येतो: मणीगळ आहे, देठ सुकलेत, कुजलेला माल आहे, एवढी रक्कम कापतो. आवाज चढलेला असतो. अशा वेळी घाबरून काहीही कबूल करू नका आणि भांडूही नका. म्हणा, मला आत्ताच व्हिडिओवर दाखवा. आधी कंटेनरचा नंबर आणि सील, मग पॅलेटवरचं लेबल, मग मण्यात थर्मामीटर खुपसून आतलं तापमान. नंतर पेट्या तुम्ही निवडा: एक दाराजवळच्या पॅलेटमधली, एक मधली, एक अगदी आतली. त्यानं निवडलेल्या तीन पेट्यांवरून सगळ्या कंटेनरचा निकाल लावायचा नाही. प्रत्येक पेटीचा कोड बोलून घ्या. त्या कोडवरून माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटचा ते तुमच्या नोंदीत सापडतं, आणि आपल्या नऊ जणांपैकी कुणाचा माल बिघडला, की सगळ्यांचाच, हे कळतं. सगळ्यांचाच असेल तर संशय बागेवर नाही, वाटेतल्या थंडाव्यावर जातो. मग कंटेनरमधल्या तापमानाच्या नोंदी मागा आणि माल तपासणाऱ्या त्रयस्थ सर्व्हेअरचा अहवाल मागा. त्याची परवानगी घेऊन हे रेकॉर्ड करा, निदान स्क्रीनशॉट घ्या. आणि पैशाचा आकडा कॉलवर ठरवू नका. "उद्या भारतीय वेळेनुसार चार वाजेपर्यंत लेखी उत्तर देते" म्हणून नमस्कार करा. गटातल्या नऊ जणांच्या पैशाचा निर्णय एकट्या सुनेनं फोनवर घ्यायचा नसतो, आणि असं सांगितलं तर समोरचाही ते मान्य करतो.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. ऑफिसच्या भाड्याचे पैसे वाचतील तर त्यातून राउटरचा यूपीएस आणि एक बरं ब्रिक्स मीटर येईल. इंग्रजीची काळजी त्यांना असेल तर त्यांना सांगा, मंगळवारी तुम्ही खोलीतच थांबा, पण चौकटीच्या बाहेर, आणि चॅटमधल्या आकड्यांवर नजर ठेवा. तिसऱ्या माणसाचं ते काम आहे.

रविवारी संध्याकाळी एक रंगीत तालीम करा. तीच खोली, तेच क्रेट, तीच खुर्ची, तोच फोन. गावाबाहेरच्या कुणाला तरी कॉल लावा, तुमच्या बहिणीला किंवा मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाला. घड दाखवा, थांबा. नानांना छाटणीबद्दल विचारा, ते बोलतील तेवढं तुम्ही इंग्रजीत सांगा. मग त्या माणसाला विचारा, घडाचा देठ हिरवा दिसला का, आणि नानांची छाटणीची तारीख काय ऐकलीस. तारीख चुकीची सांगितली तर माइक जवळ घ्या आणि पुन्हा लावा.